माझ्या दातांवर जळणारा मामा

माझा मामा दात करायचा. डॉक्टर नव्हता तो; डॉक्टरांना लागणारे दात करून द्यायचा. दवाखान्यात पेशंटच्या तोंडाचं माप निघे, ते मामाकडे येई, मामा त्यावरून प्लास्टरचा साचा ओते आणि त्या साच्यावर दात उभे करी. मग ते दात कापसात गुंडाळून एका डबीतून दवाखान्यात जात, आणि तिथे डॉक्टर ते बसवून पेशंटच्या हातात आरसा देत. पेशंट आरशात बघून डॉक्टरांचे आभार मानी. यात मामाचं नाव कुठेच येत नसे, आणि तिथेच त्याचं पित्त खवळे.

तसं त्याचं पित्त कशानंही खवळे. खालच्या शिंप्याच्या दुकानावर पाटी होती म्हणून शिंप्याचा हेवा. समोरच्या न्हाव्याचा हेवा, कारण त्याचं गिऱ्हाईक त्याच्यासमोरच आरशात बघतं आणि खूश होऊन उठतं. आई म्हणायची, "शेजाऱ्याला शिंक आली तरी याला वाटतं, मला का नाही आली." आई त्याची मोठी बहीण, त्यामुळे तिला हे बोलायचा हक्क होता. गल्लीत त्याला सगळे 'बत्तिशी' म्हणत. रस्त्यानं चालताना तो माणसांच्या चेहऱ्याकडे बघतच नसे, सरळ तोंडात बघे. समोरचं कुणी हसलं की माझ्या कानाशी वाकून म्हणे, "वरचा, डावीकडून तिसरा. माझा." एकदा एका लग्नाच्या वरातीत त्यानं असे अकरा दात मोजले होते. मला तेव्हा वाटायचं, अर्धं गाव माझ्या मामाच्या दातांनी जेवतं.

त्याची खोली दोन जिने चढून वर होती. एकच खिडकी, पण मोठी. दाताचा रंग दिव्याखाली ठरवायचा नसतो, दिवसाच्या उजेडात ठरवायचा, म्हणून मामानं ती खोली खिडकीसाठीच घेतली होती. टेबलावर पावाच्या डब्याएवढी भट्टी, पोर्सेलीनच्या पुडीच्या बाटल्या, मेणाच्या पट्ट्या आणि भिंतीवरच्या फळीवर लोकांचे जबडे. सगळ्यावर पांढरी धूळ, मामाच्या भुवयांवरसुद्धा. लग्न त्यानं केलं नाही. रात्रीचं जेवण आमच्याकडे असे. आम्ही रस्त्याच्या पलीकडे राहत होतो, वडील मालवाहू जहाजावर असायचे आणि वर्षातून दोनदा घरी येत, आई छापखान्यात पुस्तकं बांधायची. त्यामुळे घरात पुरुष म्हणून आणि भांडायला माणूस म्हणून मामाच होता.

मी साडेअकरा वर्षांची असताना शाळेत पडले. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी सगळं ओलं असायचं. पाय घसरला आणि तोंड दगडी काठावर आपटलं. वरचे पुढचे दोन दात गेले. उजवा हिरडीच्या आत तुटला आणि डावा अख्खाच्या अख्खा, मुळासकट, बाहेर आला. बाईंनी तो कागदाच्या पुडीत बांधून आईच्या हातात दिला.

दुसरं कुणीही असतं तर धावत दवाखान्यात गेलं असतं. पण सुतार घरात असताना दार दुरुस्तीला बाहेर कोण नेतं? दात म्हटलं की आमच्या घरात मामा. आई मला घेऊन ते दोन जिने चढली.

मामा मला बघून रडला, हे आधी सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच वाकडं सांगणार आहे. त्यानं माझं तोंड धुतलं, बर्फ लावला आणि मग पुडी उघडली. दात बघून त्याचे ओले डोळेच बदलले. "काय सुरेख निघालाय," तो म्हणाला. मग त्याच्या हातांनी तेच केलं जे ते गेली तीस वर्षं प्रत्येक दाताला करत आले होते. दात नळाखाली धरला, ब्रशवर पॉलिशची पूड घेतली, आणि रक्त, चिकटलेला मऊ पापुद्रा, सगळं घासून घासून काढलं. वरचा भाग, मूळ, मुळाचं टोक. फुंकर मारून सुकवला आणि कापसावर ठेवून मला दाखवला. "बघ, एक डाग नाही."

त्यानंतर आम्ही दवाखान्यात गेलो. म्हातारे डॉक्टर त्या वर्षी निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी एक नवी डॉक्टर आली होती, तिशीची असेल. तिनं आधी विचारलं, "दात आणलात?" मामानं कापसाची डबी पुढे केली, अगदी दागिना दाखवावा तशी.

ती दाताकडे बघत राहिली. "मूळ घासलंत?"

"घाण होती त्यावर."

"ती घाण नव्हती, काका." आवाज चढवला नाही तिनं. "मुळावरची ती पातळ साल जिवंत असते. तिच्यामुळेच दात हाडाला धरतो. दुधात घालून आणला असता तर मी आत्ताच्या आत्ता परत बसवला असता."

आईच म्हणाली, "त्याला काय माहीत, डॉक्टर. त्याच्याकडच्या दातांना मुळं कुठे असतात." तिनं त्याला पाठीशी घालायला हे म्हटलं होतं. पण मला वाटतं, मामाला त्या दिवशी तिचं हे वाक्यच जास्त लागलं.

तीन दिवसांत त्यानं माझ्यासाठी प्लेट केली. टाळूला बसणारी गुलाबी पट्टी आणि पुढे दोन दात. माझा डावा दात उजव्यावर किंचित चढलेला होता, तसाच चढवला. उजव्यावर एक धुरकट रेघ होती, तीही घातली. माझे दात माझ्यापेक्षा त्याला पाठ होते. शाळेत कुणालाही ते खोटे वाटेनात. फक्त मी 'स' म्हणताना शिट्टी वाजे, आणि जेवताना प्लेट काढून वाटीत ठेवावी लागे. मामा म्हणाला, "वाढ पुरी होईपर्यंत हे. अठरा वर्षांची झालीस की जन्माचे दात करून देतो. डॉक्टरनं नुसते बसवायचे." प्लेट बघून तो इतका खूश होता, की क्षणभर मला वाटलं, मी पडले ते बरंच झालं.

पण नव्या डॉक्टरच्या डोक्यात दुसरंच काही होतं. महिन्याभरानं तिनं आम्हाला तिघांना बोलावलं आणि एक्स-रे उजेडात धरला. माझ्या खालच्या जबड्यात दाटी होती. दात सरळ करायचे तर तिथल्या दोन उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढा, आज ना उद्या काढाव्याच लागणार होत्या. "त्या काढून फेकण्यापेक्षा," ती म्हणाली, "पुढच्या रिकाम्या जागी लावू. हिचं वय बरोबर आहे. मूळ अजून पुरतं झालेलं नाही, टोक उघडं आहे. अशा मुळात नस परत शिरू शकते. दात हाडाबरोबर वाढतो, आयुष्यभर राहतो."

आईनं विचारलं, "आणि नाही लागला तर?"

"तर काढावा लागेल. मग काकांची प्लेट आहेच. लागला का, हे कळायला वेळ जातो. काही महिन्यांनी गार लावून बघायचं. गार जाणवलं की समजायचं, दात हिचा झाला."

काकांची प्लेट आहेच! मामाचा चेहरा असा झाला, जसं काही मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा पिऊन धाकटीलाच पसंत केलं. "मॅडम," तो म्हणाला, "दाढ ती दाढ. तिचं काम चावायचं. तिला पुढे आणून दर्शनी बसवायची? पायातली वहाण पायातच बरी."

"वहाणेला जीव नसतो, काका."

आईनं मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"ते दात जेवताना काढायला लागतील का?" मी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाली.

"मग तेच."

मामानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी शत्रूला किल्ल्याचं दार उघडून दिलं. त्याचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा असं एक तोंड आलं होतं, जिथे दात कुणी केले हे सगळ्यांना माहीत असणार होतं. माझ्या वर्गात, वडिलांच्या जहाजावर, आईच्या छापखान्यात. आणि ते तोंड त्याच्या हातातून चाललं होतं.

ज्या दिवशी दात लावले त्या दिवशी मामा काम बंद ठेवून आला आणि दाराबाहेर उभा राहिला. इंजेक्शन दिल्यामुळे मला काही दुखलं नाही. फक्त डोक्याच्या आत ओलं लाकूड पिळल्यासारखा आवाज आला. डॉक्टरनं वरची जागा आधीच करून ठेवली होती. खालची उपदाढ तिनं डोक्याकडून धरून अलगद काढली, मुळाला कशाचाही स्पर्श होऊ दिला नाही, आणि लगेच वर नेऊन बसवली. मग दुसरी. टाके घातले, आणि शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधून टाकलं. दार थोडं उघडं होतं. घरी जाताना मामा आईला म्हणाला, "दोन मिनिटंसुद्धा बाहेर नव्हते," आणि ते त्यानं तक्रार करावी तसं म्हटलं.

त्या दिवसापासून माझ्या दातांचं नाव पाहुणे पडलं. संध्याकाळी मामा जेवायला आला की चप्पल काढायच्या आधी विचारी, "काय म्हणतात पाहुणे? रमले का?" आईनं माझ्यासाठी मऊ भात कालवला की म्हणे, "पाहुण्यांचा थाट बघा." दोन आठवड्यांनी तार काढली तेव्हा म्हणाला, "आता कळेल, घरचे आहेत की फिरस्ते." आई हसायची. मला मात्र हसू यायचं नाही, कारण मामा हसताना माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हिरडीकडे बघत होता.

आणि दात घट्ट होत होते. हे मला जिभेला कळत होतं. आधी जिभेनं ढकललं की ते झुलायचे, मग कमी झुलायला लागले. जसजसे ते घट्ट होत गेले तसतसा मामा जेवायचा कमी झाला. मी तेव्हा लबाडी सुरू केली. त्यानं विचारलं की सांगायचे, "आज जरा दुखतायत." लगेच त्याचा घास मोठा व्हायचा. मला त्याची कीवही यायची आणि खरं सांगायचं तर मजाही यायची. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडच्या एका गोष्टीवर कुणीतरी जळत होतं. वर्गातल्या मुलींचे लांब केस, त्यांच्या नव्या सायकली, यांवर जळण्यात माझी चार वर्षं गेली होती. आता माझ्यावर जळणारा घरातच मिळाला होता. पण अंथरुणात पडल्यावर मला अपराध्यासारखं वाटे, आणि मी जिभेनं दात चाचपून मनात म्हणे, इतके घट्ट नका होऊ.

पाचव्या आठवड्यात ते घडलं. आई स्वयंपाकघरात होती. मामा म्हणाला, "आ कर, बघू." आधी त्यानं मेण कापायच्या सुरीच्या दांड्यानं दातावर टकटक केली आणि कान लावून ऐकलं. मग अंगठा डाव्या दातामागे घातला आणि पुढे दाबला. जरासा नाही. चांगला दाबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी ओरडले नाही. त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता आणि त्यावर राग नव्हता, काही नव्हतं, फक्त उत्सुकता होती.

"हात काढ," आई दारातून म्हणाली.

मामानं हात काढला. "बघत होतो, ताई. हलतोय थोडा."

"बघायला डोळे असतात. तू हलवतोयस म्हणून हलतोय."

"अगं, माझा धंदा आहे. मला कळतं दातातलं."

"तुझ्या धंद्याच्या पायी एक दात गेला तिचा. मी तेव्हा एक शब्द बोलले का?" आईनं हात पदराला पुसले. "आता मला खरं सांग. हे दात पडावेत असं तुला वाटतं ना?"

त्यानं नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. आईनं ते खरं मानून घेतलं असतं, तिला मानायचंच होतं. पण मामा खाली मान घालून बसला. माझ्या तोंडात रक्ताची चव आली होती आणि मी ती गिळत होते.

"उद्यापासून जेवायला येऊ नकोस," आई म्हणाली. "डबा पाठवीन."

आणि तिनं खरोखरच पाठवला. बोलणं बंद, डबा चालू. तीन महिने मी रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून दोन जिने चढत होते. मामा डबा घ्यायचा, कालचा धुऊन परत द्यायचा, अभ्यासाचं विचारायचा. दातांबद्दल एक अक्षर नाही. पण एकदा मी गेले तेव्हा तो टेबलाशी पाठमोरा होता. समोर माझ्या जबड्याचा साचा होता, आणि त्यावर दोन नवे दात. प्लेटचे नव्हते, मोठ्या बाईच्या तोंडात शोभतील असे, पुरे वाढलेले. अठरा वर्षांच्या माझ्यासाठी. ते इतके सुंदर होते की माझ्या छातीत कळ आली. चाहूल लागताच त्यानं वर फडकं टाकलं. मी डबा ठेवला आणि पळाले. आईला काही सांगितलं नाही.

इकडे पाहुणे टिकले होते, पण दिसायला ते दाढाच होत्या. आखूड, फुगीर, टोक असलेल्या. शाळेत मला 'मांजर' म्हणायला लागले. डॉक्टरनं टोकं घासून दिली आणि आईला म्हणाली, "यांच्या दर्शनी बाजूला पातळ कवच चढवू, नखाएवढं जाड. मग कुणी ओळखणार नाही. पण ते कवच काकांनीच करायला हवं. एवढं बारीक काम दुसऱ्या कुणाकडून मी घेणार नाही."

आई म्हणाली, "तुम्ही समोर असाल तर."

निरोप मीच नेला. मामा ऐकून आधी फुलला आणि लगेच आंबला. "म्हणजे झाड तिनं लावलं आणि पानं मी रंगवायची," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून दवाखान्यात हजर झाला.

कवच करायच्या आधी शेड घ्यावी लागते, म्हणजे दाताचा रंग ठरवावा लागतो. त्यासाठी मामाकडे सोळा नमुन्याच्या दातांची पट्टी होती. एकेक नमुना दाताशेजारी धरायचा आणि जुळेल तो निवडायचा. यातली पहिली अट मामा शिकाऊ कामगारांना दरडावून सांगायचा: शेड आल्या आल्या घ्या, तोंड ओलं असताना. दात सुकला की पांढरा दिसतो, फसाल. ही अट मला पाठ होती, तर त्याला किती असेल.

मी खुर्चीत बसले. डॉक्टरनं ओठ बाजूला राहावेत म्हणून तोंडात प्लास्टिकची कडी बसवली आणि ती शेजारच्या पेशंटकडे गेली. मामा पट्टी हातात घेऊन वाकला. आणि तसाच राहिला. त्यानं भिंग काढलं. डावा दात बघितला, उजवा बघितला, हिरडीची कड बघितली, वरून बघितलं, खुर्ची मागे कलवून खालून बघितलं. हिरडीवर फुंकर घातली. अर्धा तास माझं तोंड उघडं होतं. जीभ टाळूला चिकटली, ओठांना भेगा पडल्या. शेवटी त्यानं एक नमुना धरला, कागदावर आकडा लिहिला आणि निघून गेला.

चार दिवसांनी कवचं आली. डॉक्टरनं ती दातांवर लावून बघितली, कायमची चिकटवायच्या आधी. बघायला आईही आत आली. दोन्ही दात चुना फासल्यासारखे पांढरे दिसत होते. शेजारच्या दातांत ते असे उठून दिसत होते, की आरसा लागलाच नाही. आईच्या चेहऱ्यातच मला दिसलं.

"मुद्दाम केलंस," आई म्हणाली. तीन महिन्यांत त्याच्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द.

"नाही, नाही," डॉक्टर मध्ये पडली. "चूक माझी आहे. मी ती कडी लावून ठेवली, दात सुकले. असं होतं कधीकधी."

वाट मोकळी होती. मामानं नुसती मान हलवली असती तरी सगळं निभावलं असतं. त्याची मान हलायलाही लागली होती. मग तो थांबला.

"मॅडमची चूक नाही," तो म्हणाला. "मुद्दामही नाही केलं, ताई. पण मी रंग बघतच नव्हतो. मी खोट बघत होतो. कुठे फट आहे का, कुठे सूज आहे, कुठे सैल आहे. अर्धा तास शोधली." त्यानं कवचं काढून तळहातावर घेतली. "नाही सापडली."

आई उठली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

डॉक्टर म्हणाली, "काका, शेड परत घ्या. आत्ताच."

"हो," मामा म्हणाला. "आधी तोंड ओलं करू दे." त्यानं स्वतः पेला घेतला, कोपऱ्यातल्या कूलरमधून भरला आणि मला दिला. "चूळ भर. नीट, सगळीकडे फिरव."

मी पाणी तोंडात घेतलं आणि पुढे आणलं. आणि दचकले. पाणी ओठांतून गळ्यावर आलं.

"काय झालं?"

"गार लागलं."

"खाली?"

"नाही. इथे." मी डाव्या दातावर बोट ठेवलं. वरच्या. पाहुण्यावर.

मामानं पेला माझ्या हातातून घेतला आणि त्यात बघितलं, जसं काही पाण्यातच काही असेल. मग त्यानंच डॉक्टरला हाक मारली. तिनं गार कापूस आणून डाव्या दाताला लावला; मी डोकं मागे घेतलं. उजव्याला लावला; तिथे कमी, पण तिथेही. तिनं पुन्हा लावला, कोरडा कापूस लावून मला फसवायला बघितलं, परत गार लावला. मग ती हसली, आणि मला एकदम दिसलं की ही फार तर आमच्या शाळेतल्या नव्या बाईंएवढीच आहे. "आली," ती म्हणाली. "काका, नस आली."

मामा खिडकीकडे तोंड करून उभा होता. "तीस वर्षं झाली," तो म्हणाला. "मी केलेल्या एकाही दाताला कधी थंडी वाजली नाही."

मी म्हटलं, "मामा, फार नाही लागलं. थोडंसंच."

"असू दे," तो म्हणाला. "बरोबर लागतंय." मग त्यानं पट्टी उचलली, ओल्या दाताशी एक नमुना धरला, दुसरा धरला, आणि अर्ध्या मिनिटात कागदावर आकडा लिहिला.

तो बाहेर गेला. दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. मामा तिच्यासमोर उभा राहिला.

"ताई, लागले दात. गार जाणवलं तिला. दोन्हींना."

आईनं वर बघितलं. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"वाईट वाटलं तुला?" तिनं विचारलं.

"हो," मामा म्हणाला. "फार."

आईनं पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि बाकावर थोडी सरकली.